गृहभेट

कैलास पाष्टेने मार्कर घ्यायला हात पुढे केला आणि इशरतने डोळे मिटून कोपर डोक्यावर धरलं.

कोपर नेमकं वर आलं, कानशील आणि कपाळ दोन्ही झाकेल असं. सवयीचं होतं ते. सातवीच्या वर्गात एकोणतीस मुलं बसली होती, आणि त्यांतलं एकही हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं, असं कैलासला वाटून गेलं.

तो दोन पावलं मागे सरला. त्याचे हात आपसूक पाठीमागे गेले आणि तिथे एकमेकांना घट्ट धरून राहिले. फळ्यावर इशरतच्या अक्षरात गणित होतं: पाऊण भागिले अर्धा. तिने भागायच्या ऐवजी गुणलं होतं. पाच महिने त्याला शिकवलं गेलं होतं की अशा वेळी ‘चूक’ म्हणायचं नाही. ‘कसं काढलंस’ असं विचारायचं आणि मनात सातपर्यंत मोजत थांबायचं. त्याने मोजायला सुरुवात केली. तीनच्या पुढे आकडा सरकेना.

“मार्कर तुझ्याकडेच ठेव,” तो हिंदीत म्हणाला. “पाऊण लिटर दूध आहे, अर्ध्या लिटरचं माप आहे. किती वेळा भरेल ते चित्र काढून दाखव. मी इथे खिडकीपाशी उभा आहे.”

खिडकी बंद होती. बहरीनमधल्या मआमीरच्या त्या बाजूला खिडक्या बहुधा बंदच असत. पलीकडे टाक्या आणि धुराडी होती, वारा फिरला की डोळे चुरचुरायचे. काचेत त्याला मागचा वर्ग दिसत होता. इशरतने कोपर हळूहळू खाली घेतलं. फळ्यावर एक भांडं काढलं, मग दुसरं, अर्ध्यावर रेघ मारलेलं. शेवटच्या बाकावर मुनीरा मॅडम बसल्या होत्या. काळा अबाया, नाकाच्या टोकावर चष्मा, मांडीवर वही. त्या फळ्याकडे पाहत नव्हत्या. त्या कैलासच्या पाठीमागे बांधलेल्या हातांकडे पाहत होत्या. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

तास संपल्यावर त्यांनी त्याला जिन्यापाशी थांबवलं.

“धडा चांगला झाला. दीड वेळा, हे तिने स्वतः काढलं. तुम्ही चित्रावर आणलंत म्हणून.”

“ती घाबरली, मॅडम.”

“ती सगळ्यांपुढे तसंच करते. माझ्यापुढेसुद्धा. तिच्या घरी मी जाऊन आले आहे, तिथलं मी बघते आहे.” मुनीरा मॅडमनी चष्मा काढून पुसला. “मला प्रश्न पडलाय तो तुमचा. तिच्यापेक्षा तुम्ही जास्त घाबरलात. कशाला?”

“तुम्ही बसला होतात ना वर्गात. म्हणून.”

“हं,” त्या म्हणाल्या आणि चष्मा पुन्हा चढवला. “आता नेमणुकीची शेवटची पायरी. शनिवारी साडेचारला तुमच्या घरी येते. तुमच्या मिसेसशी बोलेन. आणि मुलगी आहे ना तुम्हाला, तिच्याशी थोडा वेळ, एकटीशी. ट्रस्टचा नियम आहे. ज्याच्या हातात वर्ग द्यायचा, त्याच्या घरातलं मूल त्याच्याबद्दल काय सांगतं ते आम्ही ऐकतो.”

“इंशाल्ला,” कैलास म्हणाला.

मुनीरा मॅडम तीस वर्षं सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. वडिलांचं मनामाच्या बाजारात कापडाचं दुकान. तिथल्या गुजराती कारकुनांच्या मांडीवर बसून त्या हिंदी शिकल्या होत्या, आणि अजूनही बोलताना आकडे गुजरातीत मोजायच्या. मआमीरची ही शाळा गवंड्यांच्या, ड्रायव्हरांच्या, वेल्डरांच्या मुलांची. दोन वर्षांत गणिताचे चार शिक्षक आले आणि चार गेले. तेव्हा शाळा चालवणाऱ्या ट्रस्टने त्यांना बोलावलं. त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली नाही. त्या एकेका समाजाच्या हॉलमध्ये गेल्या. मल्याळ्यांच्या, फिलिपिनोंच्या, मग एका शुक्रवारी मराठी मंडळाच्याही, आणि तिथे हळदीकुंकवाच्या गर्दीत उभं राहून म्हणाल्या, “शिक्षक मला खूप भेटतात. ते टिकत नाहीत. ज्यांनी गणित वापरून पोट भरलं आहे अशी माणसं मला द्या, शिकवायचं कसं ते मी शिकवते. शाळेत नऊ भाषांची मुलं आहेत. फळ्यापाशी त्यांना आपल्या बापासारखं कुणीतरी दिसलं पाहिजे.”

कैलास मागे उभा राहून चहा पीत होता. संगमेश्वरहून बी.एस्सी. करून आलेला हा माणूस एकोणीस वर्षं बहरीनच्या वाळूत लेव्हल लावून खुंट्या ठोकत होता. त्याच महिन्यात त्याच्या सर्व्हेच्या कंपनीने गाशा गुंडाळला होता. त्याने नाव दिलं. केरळचा राजन, जो बांधकामाचे अंदाज काढायचा, औषधांचे डोस मोजण्यात आयुष्य गेलेली एक फिलिपिनो नर्स, नुकतीच पदवी घेतलेली एक बहरीनी मुलगी, आणि कैलास. असे चौघे पाच महिने शिकले. कैलास त्यांत पुढे होता. कोन शिकवायला तो मुलांना मैदानात नेऊन दोरी धरायला लावायचा. मुलं त्याला ‘रस्सीवाले सर’ म्हणायला लागली होती.

त्याचा व्हिसा संपायला सात आठवडे उरले होते. नेमणूक झाली तर शाळा नवा काढणार होती. नाही झाली तर मुलीची, तेजस्वीची, अकरावी अर्धवट टाकून देवरुखला परतायचं होतं.

आणि पाच महिन्यांपूर्वी भरलेल्या अर्जात एक प्रश्न होता: तुम्हाला मुलांबरोबर एकटं ठेवू नये असं काही कारण आहे का? दोन चौकटी होत्या. त्याने ‘नाही’च्या चौकटीत खूण केली होती. करताना पेन अडखळलं नव्हतं. अडखळलं नव्हतं, हेच आता त्याला आठवत राहिलं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा ते गुदैबियाला राहत. तेजस्वी आठ वर्षांची होती आणि भागाकारात बाकी कुठून उरते हे तिला कळत नव्हतं. तो साइटवरून आला होता, डोकं उन्हाने तापलेलं. तीच चूक चौथ्यांदा झाली तेव्हा त्याने टेबलावरची स्टीलची फूटपट्टी उचलली. सपाट मारायची होती. तिने हात ओढला, पट्टी आडवी झाली, आणि अनामिकेला दोन टाके पडले. हेल्थ सेंटरमध्ये डॉक्टरने विचारलं, तेव्हा कैलासच्या आधी त्याची बायको स्मिता म्हणाली, “गाडीच्या दारात सापडलं.” डॉक्टरने तेजस्वीकडे पाहिलं. तेजस्वीने मान हलवली.

त्यानंतर कैलासने तिच्यावर कधी हात उगारला नाही. हे तो स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आला होता, आणि ते खरं होतं. पण तेजस्वी वही घेऊन पुन्हा त्याच्याजवळ बसली नाही. दहावी झाल्यावर तिने गणित सोडलं. शाळेच्या फॉर्मवर पालकांची सही लागायची, ती तिने स्मिताकडून घेतली.

*

“राजनच्या घरी काय विचारलं?” बुधवारी स्मिताने विचारलं. ती जुफैरच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. ड्यूटीवरून येऊन तशीच स्वयंपाकाला लागली होती.

“त्याचा मुलगा म्हणाला, बाबा घोरतात. मॅडम हसल्या म्हणे.”

“मग?”

“मग काय. झाला तो पास.”

स्मिताने गॅस बारीक केला. बुसैतीनच्या या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आवाज फार घुमायचे, म्हणून ती नेहमीच हळू बोलायची. आज आणखी हळू बोलली.

“तिला सांगून ठेवते मी.”

“काय सांगणार?”

“काय म्हणजे? तुम्हाला नाय कळत?”

“नको,” तो म्हणाला. पण म्हणताना त्याने स्मिताकडे पाहिलं नाही, फ्रिज उघडून आत पाहिलं, आणि त्याला काय हवं होतं ते आठवेना म्हणून फ्रिज बंद केला. स्मिता पुन्हा गॅसकडे वळली. एकवीस वर्षांच्या संसारात तिला त्याचा कुठला ‘नको’ खरा ते कळत होतं.

गुरुवारी वर्गात इशरतने स्वतःहून हात वर केला. कैलासला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याला तिचं कोपर दिसत राहिलं, आणि तिला बोलावताना त्याचा आवाज इतका मऊ झाला की पुढच्या बाकावरची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. दुपारी राजनने विचारलं, बरं नाही का. त्याने सांगितलं, पित्त झालंय.

शुक्रवारी संध्याकाळी तो तेजस्वीला मनामाहून क्लासवरून आणायला गेला. ती गाडीत बसली, पट्टा लावला, कानात इअरफोन घातले. मुहर्रकच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. दोन्ही बाजूंना पाणी करडं झालं होतं. त्याने गळा साफ केला.

“उद्या मुनीरा मॅडम येणार आहेत.”

तिने एका कानातला इअरफोन काढला. “आय नो. आईने सांगितलं.”

“त्या काहीतरी विचारतील. असंच. बाबा घरात कसे असतात वगैरे.”

“आय नो, बाबा.”

“आईने काय सांगितलं?”

तेजस्वी समोर पाहत होती. समोरच्या गाडीचे लाल दिवे तिच्या चेहऱ्यावर पडले होते. “कार डोअर,” ती म्हणाली.

गाडी वीतभर पुढे सरकली. कैलासने ब्रेक दाबला, नको तितक्या जोराने. तो म्हणू शकला असता, तसं काही सांगू नकोस. विचारलं तर खरं ते सांग. ही वाक्यं त्याच्याजवळ तयार होती. बुधवारपासून तो ती मनात घोळवत होता. पण वाक्यांच्या मागे सात आठवडे होते, देवरुखचं घर होतं, आणि फळ्यापाशी उभं राहिल्यावर एकोणतीस डोकी त्याच्याकडे वळायची ते होतं, जे एकोणीस वर्षांत वाळूने त्याला कधी दिलं नव्हतं.

“इट्स फाइन,” तेजस्वी म्हणाली. “मी नेहमी तेच सांगते. सगळ्यांना.”

“बरं,” कैलास म्हणाला.

तिने इअरफोन परत घातला.

*

शनिवारी साडेचारला तीन मिनिटं असताना मुनीरा मॅडम जिना चढून आल्या. हातात खजुराचा डबा होता. स्मिताने चहा केला, शंकरपाळे ठेवले. मॅडमनी गावाबद्दल विचारलं, ड्यूटीबद्दल विचारलं, कैलास घरात मदत करतो का ते विचारलं. स्मिता म्हणाली, इस्त्री तेच करतात. मॅडमनी ते लिहून घेतलं. मग त्या उठल्या आणि तेजस्वीच्या खोलीत गेल्या. दार त्यांनी लावलं नाही, बोटभर उघडं ठेवलं.

कैलास सोफ्यावर बसला. मग उठून स्वयंपाकघरात गेला. तिथे स्मिता कोरडे कप पुन्हा पुसत होती. त्याने नळ सोडला आणि लगेच बंद केला, कारण पाण्याच्या आवाजात आतलं काही ऐकू येईना. तसंही काही ऐकू येत नव्हतं. मॅडमचा एखादा शब्द, मग बराच वेळ काही नाही. सातपर्यंत मोजत असतील, त्याला वाटलं. त्यांनीच शिकवलं होतं ते. प्रश्न विचारल्यावर शांतता सहन करायची. उत्तर शांततेतूनच येतं.

तो बाथरूममध्ये गेला, तोंडावर पाणी मारलं, आरशात पाहिलं नाही. बाहेर आला तेव्हा तेवीस मिनिटं झाली होती आणि मुनीरा मॅडम हॉलमध्ये उभ्या राहून एक शंकरपाळा खात होत्या.

“खूप छान,” त्या स्मिताला म्हणाल्या. “निघते आता. कैलास, खालपर्यंत येता?”

खाली घरमालकाच्या दारापाशी बोगनवेलीचा पालापाचोळा पडला होता, तो ओलांडून त्या गाडीपाशी गेल्या. किल्ली हातात घेतली, पण दार उघडलं नाही.

“तुमची मुलगी तुमच्याबद्दल चांगलं बोलली. तुम्ही कष्टाळू आहात, व्यसन नाही, तिला क्लासला नेता-आणता. मला लिहायला पुष्कळ आहे.”

सुटलो, असं कैलासने धरलं.

“मग मी विचारलं, तुझे बाबा गणित इतकं चांगलं शिकवतात, तू का सोडलंस? साधाच प्रश्न. मुलं म्हणतात, कंटाळा येतो. म्हणतात, अवघड आहे.” मॅडम थांबल्या. “ती म्हणाली, लहानपणी माझं बोट गाडीच्या दारात सापडलं होतं.”

रस्त्याच्या टोकाला कुणीतरी गाडी धूत होतं. पाइपाचं पाणी डांबरावरून ओघळत त्यांच्यापर्यंत आलं होतं.

“बोटाबद्दल मी विचारलं नव्हतं,” मुनीरा मॅडम म्हणाल्या.

यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. कैलासला माहीत होतं, त्या बोलणार नाहीत. एक, दोन, तीन. तो स्वतःच मोजायला लागला. घामाचा एक ओघळ कानामागून मानेत उतरला. पाच. आता तो हसून म्हणू शकत होता, मुलंच ती, काहीही सांगतात. सहा.

“दार नव्हतं,” तो म्हणाला. “पट्टी होती. मी मारली.”

त्याने सगळं सांगितलं. भागाकार, चौथी चूक, दोन टाके, हेल्थ सेंटर. सांगताना तो गाडीच्या टायरकडे पाहत होता. अर्जातली चौकटही सांगितली. कालचा पूल सांगितला, आणि पुलावर ‘बरं’ म्हणालो, तेही. मॅडम ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि म्हणून त्याला जास्त भीती वाटली.

“त्यानंतर?” त्यांनी विचारलं.

“त्यानंतर कधीच नाही. एकदाही नाही.”

“हे मला लिहावं लागेल. समितीपुढे ठेवावं लागेल. ते काय ठरवतील मला सांगता येत नाही, आणि मी तुमच्या बाजूने बोलेन असं आत्ता वचन देत नाही.” त्यांनी गाडीचं दार उघडलं. “उद्या शाळेत या. वर्ग घ्या. मी आत बसेन. मी नसेन तेव्हा वर्ग नाही.”

“हो.”

“कैलास, मी पास करणारच होते तुम्हाला. गाडीत बसून सही करणार होते. पण एकदा तुमच्यासमोर उभं राहून तुम्ही स्वतः काय सांगता ते बघावंसं वाटलं.”

गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर तो जिना चढू लागला. छातीत कितीतरी वर्षांत नव्हती अशी जागा झाल्यासारखं वाटत होतं. नोकरी गेली तर गेली, असा एक विचार आला, आणि तो विचार त्याला आवडला. आपण एक चांगलं काम केलं, असंही पुढच्या पायरीवर त्याला वाटलं.

स्मिता दारातच होती. त्याने सांगितलं. ती ऐकता ऐकता चपलांच्या स्टुलावर बसली.

“झाला होता ना सगळा नीट,” ती म्हणाली. “कशाला? सांगा मला, कशाला?”

तो तिला ओलांडून आत गेला.

तेजस्वी पलंगावर पाय दुमडून बसली होती, पुढ्यात पुस्तक. त्याने खोलीच्या दारावर टकटक केली. हे तो कधी करत नसे, म्हणून तिने चमकून वर पाहिलं.

“मी मॅडमना खरं सांगितलं,” तो म्हणाला. “पट्टीचं.”

तिचा चेहरा हलला नाही. रडेल, किंवा उठून जवळ येईल, असं काहीतरी त्याच्या मनात होतं, हे त्याला ती तसं काहीच करत नाही हे दिसल्यावर कळलं.

“मग काल ‘बरं’ का म्हणालात?” तिने विचारलं.

“घाबरलो होतो.”

तिने मान हलवली, ते पटल्यासारखी. मग पुस्तकाचं पान बोटाखाली धरून म्हणाली, “ऑल ऑफ इट? बाल्कनीचं पण सांगितलं?”

“कुठली बाल्कनी?”

तेजस्वीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते त्याने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. ती घाबरली होती. त्याला नाही, दुसऱ्याच कशाला तरी.

“तुम्हाला आठवत नाही?” ती म्हणाली. “रिअली?”

गुदैबियाच्या घराला बाल्कनी होती, एवढं त्याला आठवत होतं. सहावा मजला. समोर मशीद. तिथे कपडे वाळत घालायचे. बाकी काही येत नव्हतं. त्याने हात उगारला नव्हता. एकदाच, पट्टीने; त्यानंतर कधी हात उगारला नव्हता.

“मी नऊ वर्षांची होते. सतराचा पाढा,” तेजस्वी म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, पाठ केलेलं म्हणावं तसा. “आई ड्यूटीवर होती. तुम्ही म्हणालात, बाहेर उभी राहून पाठ कर, मग आत ये. दार लावलंत. मग साइटवरून फोन आला तुम्हाला. काचेतून दिसत होतं, तुम्ही चालत चालत बोलत होता. मी पाढा म्हटला. टू टाइम्स म्हटला. तुम्ही बघत नव्हता.”

तो फोन त्याला आठवला. चुकलेली एक लेव्हल, पाइपलाइनचा उतार, समोरचा इंजिनिअर ओरडत होता. मुलीला मध्ये बाहेर उभं केलं होतं, आणि नंतर आत घेतलं होतं. आठवलं ते इतकंच. त्याने ते कधी वेगळं काढून ठेवलंच नव्हतं.

“पाच-दहा मिनिटं,” तो पुटपुटला.

“नो, बाबा.”

कैलासने अभ्यासाच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि बसला.

“सांग,” तो म्हणाला.

तिने सांगितलं. अनवाणी होती. फरशी भाजत होती, म्हणून ती फरशी पुसायच्या फडक्यावर उभी राहिली, आधी दोन पायांवर, मग फडकंही तापल्यावर एकेका पायावर. खाली मशिदीत माणसं यायला लागली, इतकी की रस्त्यावर सतरंज्या घातल्या. मग आतला माणूस लाउडस्पीकरवर बोलला, खूप वेळ. मग नमाज झाली. मग सगळ्यांनी आपापल्या चपला शोधल्या आणि घरी गेले. एका माणसाने वर पाहिलं आणि हात केला, तिनेही केला. रस्ता रिकामा झाला. मग दार उघडलं.

“तुम्ही म्हणालात, येतो का पाढा? मी म्हटला. तुम्ही म्हणालात, शाबास.”

हॉलमध्ये स्मिता उभी होती. ती कधी आली ते कळलं नव्हतं. तिचा हात तोंडावर होता. हे तिलाही कुणी कधी सांगितलं नव्हतं.

कैलासने खिशातून फोन काढला. दोनदा चुकीचं नाव लागलं. तिसऱ्यांदा मुनीरा मॅडमचा आवाज आला, मागे गाड्यांचे हॉर्न.

“मॅडम, मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “म्हणजे, मला माहीत नव्हतं. अजून एक आहे. पट्टीनंतरचं.”

“थांबा. गाडी बाजूला घेते.”

तो थांबला. तेजस्वीने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं आणि ती पलंगाच्या कडेला सरकली होती, त्याचा प्रत्येक शब्द ऐकू येईल इतकी जवळ.

“बोला,” मॅडम म्हणाल्या.

तो सांगू लागला. सतराचा पाढा. साइटचा फोन. “तिला खिडकीपाशी—”

“बाल्कनीत,” तेजस्वी म्हणाली.

“बाल्कनीत,” तो म्हणाला. “बाहेर उभं केलं आणि दार लावलं. ती अनवाणी होती.”

“किती वेळ?”

त्याने तेजस्वीकडे पाहिलं.

“अजानपासून लोक घरी जाईपर्यंत,” ती हळू म्हणाली.

त्याने तसंच्या तसं सांगितलं. फोनवर काही क्षण फक्त गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती.

“कुठली नमाज?” मुनीरा मॅडमनी विचारलं.

“शुक्रवारची. दुपारची.”

“महिना?”

हे त्याला ठाऊक नव्हतं. तेजस्वीने हात पुढे केला. त्याला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि त्याने फोन तिच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला, आई-बाबांकडे पाठ केली.

“ऑगस्ट,” ती म्हणाली. “येस, मॅम. मी सांगते.”